क्लॅपहॅमची बस कशी पकडावी: नवनियुक्त नीतिज्ञासाठी सूचना

समजा तुम्ही ब्रिटनमध्ये आहात, दुसरं महायुद्ध संपून काही वर्षं झाली आहेत, आणि गृहखात्याचं जाड पाकीट तुमच्या दारात पडलं आहे. एका नाजूक विषयावर सरकारला सल्ला देण्यासाठी समिती नेमली असून तिच्यावर तुमचं नाव आहे, असं आतल्या पत्रात लिहिलं आहे. नाजूक विषय म्हणजे ज्यावर मंत्र्यांना स्वतः बोलायचं नाही असा विषय. घाबरू नये. नैतिक पेच समितीच्या गळ्यात घालण्यात तो देश पटाईत आहे. आपल्याकडे समिती नेमतात ती विषय थंड व्हावा म्हणून. तिकडेही त्यासाठीच नेमतात. फरक एवढाच की तिकडे अधूनमधून अहवाल येतो आणि कुणीतरी तो वाचतंही.

या सूचना त्या पाकिटाच्या धन्यासाठी आहेत. तत्त्वज्ञानाची पदवी लागत नाही. असलीच तर पहिल्या दोन बैठकींत बोलून दाखवू नये.

सिद्धांत निवडताना

बाजारात तीन सिद्धांत सहज मिळतात. पहिला जेरेमी बेंथमचा. एखाद्या कृत्याने किती सुख झालं आणि किती दुःख झालं याची बेरीज-वजाबाकी करावी, आणि जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख ज्यात असेल तो कायदा करावा. नवशिक्याला हा सिद्धांत फार आवडतो, कारण उत्तर झटपट येतं. धोकाही तिथेच आहे. बेंथमने १७८५च्या सुमारास पुरुषांमधल्या समलिंगी संबंधांचा हिशेब याच रीतीने मांडला. तेव्हा इंग्लंडमध्ये या गुन्ह्याला फाशी होती. आकडे मांडता मांडता बेंथमला या गुन्ह्यात दुखावला गेलेला माणूसच सापडेना, आणि मग शिक्षेचं कारणही सापडेना. त्याने कागद तसेच ठेवून दिले. ते छापून आले १९७८ साली, तो गेल्यावर जवळजवळ दीडशे वर्षांनी. स्वतःचा देह मात्र मेल्यावर लोकांना पाहता यावा अशी तजवीज त्याने करून ठेवली होती. अंगात कपडे, वर मेणाचं डोकं असा त्याचा सांगाडा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आजही बसलेला आहे. सांगाडा दर्शनी आणि हिशेब कपाटात, हा क्रम नवशिक्याने ध्यानात ठेवावा.

दुसरा सिद्धांत इमान्युएल कांटचा. इथे हिशेब नाही, कर्तव्य आहे. सगळ्यांनीच पाळावं असं जे तत्त्व तुम्हाला मनापासून म्हणता येईल ते पाळायचं, परिणाम काही का होईना. खुनी दारात उभा राहून तुमच्या मित्राचा ठावठिकाणा विचारत असला तरी खोटं बोलू नये, असं कांटने १७९७ साली लिहून ठेवलं आहे. कांटवादी सदस्याला इतिवृत्त लिहायला द्यावं. ते कधी मंजूर होणार नाही, पण त्यात खोटं काही नसेल.

तिसरा ॲरिस्टॉटलचा. नियम शोधू नका, सुज्ञ माणूस या जागी काय करील ते पाहा, असं तो सांगतो. अडचण अशी की समितीतल्या प्रत्येकाला तो सुज्ञ माणूस डोळ्यांसमोर येतो तो थेट आपल्याच चेहऱ्याचा.

ख्रिस्ती नीती ही एकसंध चीज आहे असं समजू नये

पाद्री असला म्हणजे बंदीच्या बाजूचा आणि कायदेपंडित असला म्हणजे मोकळिकीच्या बाजूचा, अशी नवशिक्याची समजूत असते. ती छत्रीबरोबर बाहेरच ठेवून आत यावं.

थॉमस अक्वायनस हा तेराव्या शतकातला डॉमिनिकन साधू, कॅथलिक विचाराचा सर्वांत मोठा मीमांसक. माणसाने केलेल्या कायद्याने सगळीच दुर्वर्तनं दडपू नयेत, असं त्याने साफ सांगितलं आहे. कायदा चारचौघांसाठी असतो आणि चारचौघं काही संत नसतात. तेव्हा बहुतेकांना टाळता येतील अशी, मुख्यतः दुसऱ्याला इजा करणारी कृत्यं मना करावीत, ज्यांना आवर घातल्याशिवाय समाज उभाच राहणार नाही अशी: खून, चोरी आणि त्या जातीची. त्याच्याही आठ-नऊशे वर्षं आधी ऑगस्टीनने बजावलं होतं की वेश्याव्यवसाय समूळ उपटायला जाल तर वासना सगळीकडे पसरेल. दोघांनाही ते पापच वाटत होतं. प्रत्येक पापामागे शिपाई धाडावा असं मात्र दोघांनाही वाटत नव्हतं.

मग शिपाई धाडला कुणी? इंग्लंडपुरतं उत्तर आहे आठवा हेन्री. १५३३ साली त्याच्या संसदेने पुरुषांमधल्या समलिंगी संबंधांचं पाप चर्चच्या न्यायासनापुढून उचललं आणि राजाच्या न्यायालयात फाशीच्या गुन्ह्यांत नेऊन बसवलं. पोपशी भांडण चाललेलं, चर्चचे अधिकार एकेक करून राजाकडे यायचे होते, त्यात हेही आलं. म्हणजे पापाचा गुन्हा झाला तो श्रद्धा वाढली म्हणून नव्हे, अधिकारक्षेत्र बदललं म्हणून. अशा गोष्टी समितीत मोठ्याने बोलायच्या नसतात, पण माहीत असाव्यात.

आणखी एक गृहस्थ ओळखून ठेवावेत, ते विल्यम पेली. हे धर्मगुरू. १७८५ सालच्या त्यांच्या नीतिशास्त्रावर केंब्रिजच्या कित्येक पिढ्या पोसल्या. देवाला माणसाचं सुख हवं आहे, म्हणून सुख वाढवणं हीच देवाची आज्ञा, असा त्यांचा युक्तिवाद. बेंथमचाच हिशेब, फक्त वहीवर क्रूस. तेव्हा शेजारी बसलेला सदस्य देवाचं नाव घेऊन आकडेमोड करू लागला तर दचकू नये.

प्रात्यक्षिक: हंटले आणि पामर

आता प्रत्यक्ष समितीत बसू. साल १९५४. त्याआधीची दोन-तीन वर्षं इंग्लंडात समलिंगी संबंधांवरच्या खटल्यांची होती. ज्याने युद्धात जर्मनांची सांकेतिक लिपी फोडायला मदत केली त्या ॲलन ट्युरिंगला १९५२ साली शिक्षा झाली. नट जॉन गिलगुडला १९५३ मध्ये दंड झाला. १९५४ मध्ये लॉर्ड मॉन्टॅग्यू आणि त्याच्याबरोबर पीटर वाइल्डब्लड हा पत्रकार तुरुंगात गेले. वर्तमानपत्रांना मजकूर मिळाला आणि गृहमंत्री डेव्हिड मॅक्सवेल फाइफ यांना डोकेदुखी. ते स्वतः कायदा सैल करण्याच्या विरुद्ध होते. त्यांनी त्या ऑगस्टमध्ये समिती नेमली आणि तिच्या कार्यकक्षेत दोन विषय एकत्र बांधले: पुरुषांमधले समलिंगी गुन्हे आणि वेश्याव्यवसाय. लंडनच्या रस्त्यांवर उभ्या राहणाऱ्या बायका हा त्यांच्या दृष्टीने निकडीचा प्रश्न होता.

अध्यक्ष झाले रेडिंग विद्यापीठाचे कुलगुरू जॉन वुल्फेंडन. सदस्यांत न्यायाधीश, खासदार, डॉक्टर, ऑक्सफर्डचे नीतिधर्माचे प्राध्यापक असलेले एक अँग्लिकन धर्मगुरू आणि तीन स्त्रिया होत्या. इथे पहिला व्यावहारिक प्रश्न उभा राहिला: हे शब्द बायकांसमोर उच्चारायचे कसे? रेडिंगमध्ये हंटले अँड पामर्स या बिस्किटवाल्यांचा प्रसिद्ध कारखाना होता. अध्यक्षांनी तोड काढली. समलिंगी पुरुषांना म्हणायचं ‘हंटले’ आणि वेश्यांना ‘पामर’. ब्रिटिश राज्याच्या नैतिक इतिहासातलं एक महत्त्वाचं टिपण असं बिस्किटांच्या भाषेत लिहिलं गेलं. हसू नका. नाजूक विषयावर नाजूक माणसांना तीन वर्षं एका टेबलाशी बसवायचं तर असली काहीतरी सोय लागतेच. फक्त शब्द झाकला तरी माणूस झाकला जात नाही, याची खबरदारी घ्यावी. साक्षी द्यायला पोलीस आले, न्यायाधीश आले, डॉक्टर आले. आपण स्वतः समलिंगी आहोत असं सांगून साक्ष द्यायला तीन पुरुष आले. त्यांतला एक तुरुंगातून सुटून आलेला वाइल्डब्लड. रस्त्यावरच्या बायकांना विचारायचं मात्र समितीला सुचलं नाही.

आणि धर्म? चर्च ऑफ इंग्लंडच्या नीतिकल्याण मंडळाने समिती नेमली जाण्याआधीच एक पुस्तिका काढली होती. तिचा आशय असा: हे पाप आहे, पण प्रौढ माणसांनी संमतीने, खासगीत केलेलं पाप हा गुन्हा असू नये. कार्डिनल ग्रिफिन यांनी नेमलेल्या कॅथलिक मंडळानेही पाप आणि गुन्हा यांत तसाच भेद केला. चर्च ऑफ स्कॉटलंडला मात्र हे पटलं नाही. पाद्र्यांनी असं का करावं? त्यांना पापाची चाड कमी होती म्हणून नव्हे. पाप ही त्यांची हद्द होती. पश्चात्ताप, कबुलीजबाब, क्षमा ही सगळी यंत्रणा त्यांच्याकडे होती, आणि पोलीस तिथे घुसला की यंत्रणा बिघडते, शिवाय ब्लॅकमेल करणाऱ्यांचं फावतं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. मला तर वाटतं, आठव्या हेन्रीने नेलेला माल चर्चने चारशे वर्षांनी परत मागितला.

सप्टेंबर १९५७ मध्ये अहवाल आला. प्रौढांच्या खासगी नीती-अनीतीचा एक प्रांत असा असला पाहिजे की जिथे कायद्याला काम नाही, असं त्याचं म्हणणं. एकट्या जेम्स ॲडेअर यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. ते ग्लासगोचे माजी सरकारी वकील. या मोकळिकीने समाज बिघडेल असं त्यांना वाटत होतं.

नवशिक्याने इथे जरा रेंगाळावं, कारण लोक अहवालाचं अर्धंच पान वाचतात. ज्या तत्त्वाने बंद दाराआडच्या पुरुषांना सोडलं, त्याच तत्त्वाने उघड्या रस्त्यावरच्या बाईला पकडलं. कायद्याचं काम सार्वजनिक सभ्यता राखणं असेल, तर खोलीतलं त्याचं नाही, पण फुटपाथवरचं त्याचंच आहे. म्हणून समितीने शिफारस केली की गिऱ्हाईक शोधणाऱ्या बाईमुळे कुणाला उपद्रव झाला हे सिद्ध करण्याची अट काढावी आणि दंड वाढवावेत. गिऱ्हाइकाबद्दल अशी तळमळ दिसली नाही. सरकारने ‘पामर’ भाग १९५९ मध्येच कायद्यात आणला. ‘हंटले’ भागाला १९६७ उजाडलं. तेही इंग्लंड-वेल्सपुरतं, वय २१ आणि त्यापुढे, सैन्यदलं वगळून. स्कॉटलंडला १९८० आणि उत्तर आयर्लंडला १९८२ पर्यंत थांबावं लागलं. तत्त्व एकच, पण त्याची सैल बाजू यायला दहा वर्षं लागली आणि कडक बाजूला दोन. तुमच्या अहवालातलं कोणतं पान आधी फाडून नेलं जाईल याचा अंदाज मसुदा लिहितानाच घ्यावा.

(१९६७चं विधेयक लॉर्ड्सच्या सभागृहात ज्यांनी लावून धरलं ते लॉर्ड आरन. पुढे त्यांनी बिज्जूंच्या रक्षणाचाही कायदा आणला.)

बसथांबा

अहवाल आल्यावर भांडण सुरू होतं, आणि भांडण चांगलं झालं तर अहवालापेक्षा ते जास्त टिकतं. १९५९ साली न्यायमूर्ती पॅट्रिक डेव्हलिन यांनी ब्रिटिश अकादमीत व्याख्यान दिलं. समाज केवळ राजाच्या आणि कायद्याच्या जोरावर एकत्र राहत नाही, समाईक नैतिक समजुतींवर राहतो, असा त्यांचा मुद्दा. त्या समजुती सुटल्या की समाज विस्कटतो. म्हणून राजद्रोहापासून जसं राज्य स्वतःला वाचवतं, तसं अनीतीपासून वाचवण्याचाही त्याला हक्क आहे. अनीती कोणती हे कुणी ठरवायचं? पुस्तकी पंडिताने नव्हे. क्लॅपहॅमच्या बसमधल्या माणसाने.

हा माणूस इंग्रजी न्यायालयांत जुना आहे. १९०३च्या एका निकालात तो भेटतो: सामान्य, समंजस, ना फार शहाणा ना फार खुळा. क्लॅपहॅम हे दक्षिण लंडनमधलं ठिकाण. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथे विल्यम विल्बरफोर्स आणि त्याचे कट्टर प्रोटेस्टंट मित्र राहत. त्यांनी वीस वर्षं संसदेला सोडलं नाही आणि १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद पाडला. पुढे १८३३ मध्ये साम्राज्याच्या बहुतेक भागातली गुलामीच रद्द झाली. ख्रिस्ती नीतीने धोरण बदलल्याचं याहून स्वच्छ उदाहरण नाही, असं म्हणतात, आणि खरंच आहे. १८३३च्या त्याच कायद्याने दोन कोटी पौंड भरपाई दिली, ती गुलामांना नव्हे, मालकांना. १८१३ मध्ये याच मंडळींच्या रेट्यामुळे कंपनी सरकारच्या मुलखात मिशनऱ्यांना वाट खुली झाली, आणि त्याच साली मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचं बस्तान बसलं.

या क्लॅपहॅमकरांची मुलं-नातवंडं पुढे कुठे गेली ते पाहण्यासारखं आहे. झॅकरी मॅकॉलेचा मुलगा थॉमस हिंदुस्थानात येऊन दंडविधानाचा मसुदा लिहून गेला. जेम्स स्टीफनचा नातू जेम्स फिट्झजेम्स स्टीफन व्हाइसरॉयच्या मंडळात कायदेसदस्य झाला. आपल्या न्यायालयांनी २०२४ पर्यंत वापरलेला १८७२चा पुरावा कायदा त्याचा. मायदेशी परतताना जहाजावर त्याने जॉन स्टुअर्ट मिलविरुद्ध लेख लिहायला घेतले, ते १८७३ मध्ये पुस्तक म्हणून निघाले. दुसऱ्याला इजा होत असेल तरच माणसाच्या स्वातंत्र्यावर बंधन घालावं, असं मिलने १८५९ सालच्या आपल्या पुस्तकात म्हटलं होतं. स्टीफनच्या मते हे खुर्चीत बसून सुचलेलं शहाणपण, राज्य चालवलेल्याला ते परवडत नाही. नवशिक्याने मिलचंही बारीक अक्षरातलं वाचावं. मिल पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत होता, आणि आपलं तत्त्व ‘मागासलेल्या’ समाजांना लागू नाही असं त्याने त्या १८५९च्या पुस्तकातच नोंदवून ठेवलं आहे. तरीही आपल्याकडे आगरकरांच्या पिढीने मिल मन लावून वाचला. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला, मुलीसाठी वय १० वरून १२ झालं, तेव्हा पुण्यात हाच वाद पेटला: घरातल्या रूढीत कायद्याने हात घालावा का, आणि तो हात परक्या सरकारचा असावा का. टिळकांचा आक्षेप मुख्यतः दुसऱ्या प्रश्नावर होता. मिलपुरतं पाहिलं तर त्यात वादच नव्हता. लहान मुलांना त्याने आपल्या तत्त्वातून आधीच बाजूला काढलं होतं.

डेव्हलिनना उत्तर दिलं ऑक्सफर्डचे कायदेतत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी, आधी बीबीसीवर आणि मग १९६३च्या पुस्तकात. नीती सैल झाली म्हणून समाज कोसळल्याचा पुरावा कुठे आहे? नीती बदलली की समाज संपला असंच म्हणायचं असेल, तर ती व्याख्या झाली, पुरावा नव्हे. बसमधल्या माणसाला किळस आली म्हणून दुसऱ्याला तुरुंगात घालायचं, तर मग चेटकिणी जाळणारेही बसमधलेच होते. हार्ट यांनी वाद जिंकला असं बहुतेकांचं मत आहे, माझंही. पण डेव्हलिनना मोडीत काढू नये, कारण ते दिसतात त्याहून गुंतागुंतीचे आहेत. तरुणपणी ते डॉमिनिकन मठात दीक्षार्थी होते, म्हणजे अक्वायनसच्या घरात. वर्षभरात बाहेर पडले, पुढे श्रद्धाही ओसरली. त्यांचा एक भाऊ जेझुइट, दोन बहिणी जोगिणी. मठ सोडलेला माणूस कायद्याला मठाचं काम सांगत होता, आणि मठातले लोक कायद्याला बाहेर थांबायला सांगत होते.

आणि तरीही, १९५७ साली ईस्टबोर्नच्या डॉक्टर बॉडकिन ॲडम्सवर खुनाचा खटला चालला तेव्हा न्यायासनावर हेच डेव्हलिन होते. म्हाताऱ्या रुग्ण बाईला अफूजन्य औषधं जास्त देऊन मारल्याचा आरोप होता. डेव्हलिननी ज्युरीला सांगितलं की वेदना शमवण्यासाठी योग्य ते सारं करण्याचा डॉक्टरला अधिकार आहे, त्यात ओघाने आयुष्य थोडं कमी झालं तरी. डॉक्टर सुटला. हेतू एक आणि न इच्छिलेला परिणाम दुसरा, हा भेद अक्वायनसने स्वसंरक्षणाची चर्चा करताना मांडला होता. इंग्रजी कायद्यात तो असा शिरला, कुणी अक्वायनसचं नाव न घेता. आजही मरणासन्न माणसाला मॉर्फीन देताना कित्येक डॉक्टर याच भेदाच्या आधारावर उभे असतात, आणि त्यांतले बरेच देव मानत नाहीत. १९६५ साली तर डेव्हलिननी वुल्फेंडन शिफारशी अमलात आणाव्यात म्हणून ‘टाइम्स’मध्ये इतरांसोबत पत्रावर सही केली. तत्त्वात विरोध आणि कागदावर सही. समितीवर बसणाऱ्याने हे गृहस्थ रोज सकाळी आठवावेत.

आकडा कसा काढावा

इथे फार वेळ घालवायचा नाही, कारण काम चोख झालं होतं. १९७८ मध्ये ओल्डहॅमला पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. चार वर्षांनी समिती, अध्यक्ष मेरी वॉर्नॉक. त्या तत्त्वज्ञ, आणि त्याआधी ऑक्सफर्डच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. दुसऱ्या अनुभवाचा उपयोग जास्त झाला असावा. प्रश्न असा: प्रयोगशाळेत वाढलेल्या भ्रूणावर किती दिवस संशोधन करू द्यावं? बेंथमवाल्यांनी विचारलं, त्याला दुखतं का? व्हॅटिकनचं उत्तर शून्य दिवस. स्वतः अक्वायनस, ॲरिस्टॉटलच्या मागे जाऊन, मानवी आत्मा काही आठवड्यांनी येतो असं धरत असे, पण ते कुणी ताणून धरलं नाही.

वॉर्नॉकबाईंनी ‘जीव कधी सुरू होतो’ हा प्रश्न बाजूला सारला आणि ‘आपण त्याच्याशी कसं वागावं’ हा घेतला. भ्रूणशास्त्रज्ञ ॲन मॅक्लॅरेन समितीत होत्या. भ्रूणाच्या चकतीवर पहिली रेघ पंधराव्या दिवसाच्या आसपास उमटते, त्यानंतर त्याची जुळी होत नाहीत. एक जीव की दोन, हे तोवर ठरलेलं नसतं. म्हणून १४ दिवस. कुणाचाच सिद्धांत पूर्ण समाधानी नाही, काहींनी भिन्नमत नोंदवलंही, पण आकडा प्रयोगशाळेतल्या कुणालाही मोजता येतो. १९९० मध्ये तो कायद्यात आला, आणि लॉर्ड्समध्ये त्याची बाजू घेणाऱ्यांत यॉर्कचे आर्चबिशप जॉन हॅबगुड होते, जे आधी केंब्रिजमध्ये औषधशास्त्र शिकवत. मुंबईत केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून १९८६ साली टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. भ्रूण-संशोधनासाठी आपल्याकडची मार्गदर्शक तत्त्वंही तेच १४ दिवस सांगतात. मुहूर्त आपले, आकडा वॉर्नॉकबाईंचा.

परतीचा प्रवास

मॅकॉलेचा मसुदा शेवटी १८६० मध्ये दंडविधान झाला. त्यातलं कलम ३७७ हे आठव्या हेन्रीच्या कायद्याचं वंशज. इंग्लंडने आपला कायदा १९६७ मध्ये सैल केला, आपण मात्र त्यांचं सामान जपून ठेवलं. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कलम प्रौढांच्या संमतीपुरतं बाद ठरवलं, आणि आधार घेतला संविधानिक नीतीचा. हे शब्द बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत वापरले होते, ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या जॉर्ज ग्रोटकडून घेऊन. हा ग्रोट बेंथम आणि मिल यांच्याच गोतावळ्यातला. बसमधल्या माणसाची नीती एक आणि संविधानाची दुसरी, आणि भांडण झालं तर दुसरी वरचढ, हा डेव्हलिनना बाबासाहेबांच्या शब्दांतून मिळालेला जबाब मला हार्टच्या उत्तरापेक्षा नेमका वाटतो, कारण तो बसमधल्या माणसाला वाईट न म्हणता खाली उतरवतो.

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. तेव्हा मुंबईचे आर्चबिशप ओस्वाल्ड ग्रेशस यांनी सांगितलं की समलिंगी विवाह चर्चला मान्य नाही, पण या माणसांना गुन्हेगार ठरवणंही चर्चला मान्य नाही. वुल्फेंडन समितीपुढे कॅथलिकांनी जे मांडलं होतं तेच. दुसरीकडे काही ख्रिस्ती संघटना न्यायालयात कलम टिकावं म्हणून उभ्या होत्या. ख्रिस्ती नीती एकसंध नाही म्हटलं ते असं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम प्रौढांच्या संमतीपुरतं पुन्हा बाद केलं, आणि त्या निकालात मिल, स्टीफन, वुल्फेंडन, डेव्हलिन, हार्ट सगळे हजर आहेत.

स्वाध्याय

१. समितीने एकाच तत्त्वावर पुरुषाला खोलीत सोडलं आणि बाईला रस्त्यावर पकडलं. यात तत्त्वाची चूक होती, की साक्षीला कुणाला बोलावलं याची? ॲडेअर यांच्या थाटात, पण त्यांच्या उलट बाजूने, भिन्नमतपत्रिका लिहा.

२. २०१८च्या निकालाने कलम ३७७ मधला संमतीचा भाग काढला, पण संमतीविना होणाऱ्या कृत्यांसाठी ते शिल्लक ठेवलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही, आणि प्रौढ पुरुषावर बलात्कार झाला तर त्या नावाचं दुसरंही कलम नाही. यावर बेंथम, अक्वायनस आणि मिल काय म्हणतील ते एकेका वाक्यात लिहा. (संकेत: तिघांचं उत्तर सारखंच येईल.) उत्तर सारखं असूनही कलम का आलेलं नाही, हे पाव पानात सांगा. सिद्धांतांची नावं घेऊ नका.

कोणताही एक प्रश्न सोडवा. वेळ: मंत्री बदलेपर्यंत.